घरातली मारहाण, घटस्फोट आणि मुलाचा ताबा: कोर्टात जाण्याआधी आणि गेल्यावर काय करायचं

माझ्या धाकट्या बहिणीची केस सहा वर्षं चालली. त्या सहा वर्षांत कोर्टाच्या बाकड्यावर बसून जे कळलं ते आधी कोणीच सांगितलं नव्हतं, आणि आता आमच्या भागातल्या बायकांच्या बैठकीला शनिवारी दुपारी बसते तेव्हा येणाऱ्या प्रत्येकीला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं नीट लिहून काढते. मी वकील नाही, अर्ज वकिलाकडूनच लिहून घ्यायचा. पण वकिलाच्या ऑफिसात पंधरा मिनिटं मिळतात, आणि त्या पंधरा मिनिटांत काय सांगायचं, हातात काय कागद घेऊन जायचे हे आपल्याला माहीत नसेल तर अर्जच कच्चा होतो आणि तो कच्चा अर्ज मग वर्षानुवर्षं आपल्या मानगुटीवर बसतो.

सगळ्यात आधी ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नवरा मारतो हे सिद्ध झालं म्हणजे मूल आपोआप आईकडे आलं, असं नसतं. आणि नवऱ्यावर केस आहे म्हणजे त्याला मूल कधीच दिसणार नाही, असंही नसतं. ताब्याच्या बाबतीत कोर्ट आईचा हक्क, बापाचा हक्क असं मोजत बसत नाही, मुलाचं हित बघतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम १३ मध्ये तेच लिहिलंय आणि सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणून तुमच्यासोबत जे जे झालं त्या प्रत्येक गोष्टीबद्दल एक प्रश्न स्वतःला आधीच विचारून ठेवा: तेव्हा मूल कुठे होतं? आतल्या खोलीत झोपलं होतं, दारात उभं होतं, मध्ये पडलं, दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं का, रात्री अंथरूण ओलं केलं का. ह्याचं उत्तर ज्या अर्जात असतं तो अर्ज ताब्याच्या वेळी उभा राहतो.

आता केसेस किती आणि कुठल्या, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. "मी केस टाकलीय" असं बायका सांगतात, कुठली विचारलं तर माहीत नसतं. साधारण चार वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे डीव्ही, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. ही मॅजिस्ट्रेटकडे जाते आणि मुख्यतः संरक्षण, राहायला घर, पैसे आणि मुलाचा तात्पुरता ताबा ह्यासाठी असते, ह्यात नवरा थेट जेलमध्ये जात नाही. दुसरी म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याची पोलीस केस, जिला सगळे अजूनही "फोर नाइंटी एट"च म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालंय, त्याआधी घडलेल्या घटना मात्र जुन्या दंड संहितेच्या कलम ४९८अ खालीच जातात. ह्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिसरी घटस्फोटाची, फॅमिली कोर्टात, जिथे फॅमिली कोर्ट नाही तिथे दिवाणी कोर्टात. चौथी मुलाच्या ताब्याची, ती घटस्फोटाच्या केसमध्येच मागता येते किंवा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली वेगळी. चारही एकदम टाकल्याच पाहिजेत असं अजिबात नाही. कोणी "सगळं टाकून द्या, तो घाबरून येईल तडजोडीला" म्हणत असेल तर जरा थांबा, कारण प्रत्येक केसमध्ये तुम्ही जे लिहून द्याल ते दुसऱ्या केसमध्ये समोरचा वकील काढून दाखवतो आणि दोन्हीकडे तारखा जुळल्या नाहीत की संपलं.

नोंद कशी ठेवायची

माझ्या बहिणीच्या केसमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. खरंच सांगते. आपल्या सगळ्यांच्याच घरी त्यावर दुधाचा हिशोब असतो, सिलिंडर कधी लावला, बाई कधी आली नाही, पेपरवाल्याचे किती. तिने तीन वर्षांची कालनिर्णयं जपून ठेवली होती, आणि दुधाच्या "१॥" च्या शेजारी पेन्सिलने एक छोटी फुली मारायची, कधी फुलीपुढे दोन शब्द, "कान", "पट्टा", "बाळ उठला". नवऱ्याच्या डोळ्यासमोर भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर, त्याला कधी कळलंच नाही. क्रॉसला, म्हणजे उलटतपासणीत, समोरच्या वकिलांनी विचारलं की ह्या फुल्या तुम्ही काल घरी बसून कशावरून मारल्या नाहीत, तेव्हा तिने त्याच पानांवरचा सिलिंडरचा आकडा आणि गॅस एजन्सीच्या पावतीची तारीख जुळवून दाखवली, दूधवाल्याचा खाडा होता तो दाखवला. पानं त्याच काळातली आहेत हे पटलं, पुढे प्रश्न नाही.

म्हणून नोंद ठेवा, आणि रोजच्या व्यवहाराच्या नोंदीत मिसळून ठेवा. तारीख, साधारण वेळ, कुठे, काय केलं, काय बोलला, मूल कुठे होतं. विशेषणं नको, "राक्षसासारखा मारला" नको, "उजव्या कानाखाली दोन चापट्या, मुलगा सोफ्यावर अभ्यास करत होता" असं. डीव्हीच्या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मार नाही हेही लक्षात ठेवा, शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि भावनिक, आणि आर्थिक, अशा चारही प्रकारांची नोंद व्हायला हवी. पगाराचं एटीएम काढून घेणं, दागिने बँकेत ठेवतो म्हणून नेऊन गहाण टाकणं, मुलाच्या फीचे पैसे अडवणं, हे सगळं आर्थिक हिंसेत येतं आणि त्याचे कागद मारहाणीपेक्षा सोपे मिळतात, बँकेचं स्टेटमेंट खोटं बोलत नाही.

डॉक्टरांकडे गेलात तर कसं लागलं ते खरं सांगा. माझी बहीण पहिल्यांदा गेली तेव्हा सासू सोबत होती, "बाथरूममध्ये पडले" असं सांगितलं, केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं, आणि चार वर्षांनी तोच कागद तिच्याविरुद्ध वाचून दाखवला. सोबत कोणी असेल तर डॉक्टरांना "मला एकटीला बोलायचंय" म्हणा. सरकारी दवाखान्यात गेलात तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला सांगा आणि नंबर लिहून घ्या. जखमेचा फोटो काढताना चेहऱ्यासकट एक आणि जवळून एक.

व्हॉट्सॲपच्या चॅटचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, पूर्वीचं ६५ब म्हणायचे ते, आणि त्यात एक भाग आपण भरायचा आणि एक तज्ज्ञाने. नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालतं का हा प्रश्न सगळे विचारतात, तर जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैवाहिक खटल्यात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल असं सांगितलंय. पण हे दोन्ही बाजूंना लागू आहे हे विसरू नका, तुमचा आवाजही त्यात असतो, तुम्ही दिलेल्या शिव्याही. आणि मुलाच्या तोंडून "बाबा वाईट आहेत" असं वदवून व्हिडिओ काढू नका. मी अशा दोन केसेस बघितल्यात, दोन्ही वेळा तो व्हिडिओ आईवरच उलटला, कारण मागून हळूच "अजून सांग ना" म्हणणारा आवाज ऐकू आला.

घर सोडताना मूल मागे ठेवू नका. राग शांत झाल्यावर घेऊन जाऊ असं म्हणून बायका एकट्या माहेरी येतात आणि मग सहा महिने मूल दिसत नाही, तोपर्यंत समोरची बाजू सांगते की मूल इथे रुळलंय, शाळा इथे आहे, आजी बघते. कोर्ट मुलाची घडी उगाच विस्कटत नाही, त्यामुळे ते सहा महिने फार महाग पडतात. जीव वाचवायला तसंच निघावं लागलं तर दोषी मानू नका स्वतःला, पण त्याच आठवड्यात ताब्याचा अर्ज करा. मूल सोबत आणलं असेल तर लपवू नका, "मूल माझ्याकडे सुखरूप आहे, आईकडे आहे, शाळेत जातंय" एवढा एक मेसेज पाठवून ठेवा, आणि पत्ता देणं धोक्याचं असेल तर पत्ता वकिलामार्फत. मुलाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, प्रगतीपुस्तक, पासपोर्ट असेल तर तो, हे सगळं एका पिशवीत आधीच मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे ठेवलेलं बरं.

तक्रार कुठे

तातडीचं असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा आधी एनसी लिहून बोळवण करतात, म्हणजे अदखलपात्र नोंद. एनसी म्हणजे काहीच नाही असं समजून तशाच परत येऊ नका, कॉपी घ्या, नंबर तारीख बघा, कारण पुढे सलग चार एनसी एका बापावर असल्या की त्याला वजन येतं. एफआयआर झाली तर तक्रारदाराला तिची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. जबाब देताना घाई करू नका, मराठीत वाचून दाखवा म्हणा, न बोललेलं वाक्य घुसलं असेल तर सही करायच्या आधी काढायला लावा.

डीव्हीसाठी पोलिसांकडेच जावं लागतं असं नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जाता येतं, ते घटनेचा अहवाल भरून मॅजिस्ट्रेटला पाठवतात. बऱ्याच ठिकाणी पोलिसांच्या आवारात विशेष कक्ष किंवा भरोसा सेल आहेत, जिल्ह्याला सखी केंद्र आहे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे कितीतरी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही माहीत नसतं. फोनवर माहिती हवी असेल तर १५१००.

डीव्हीचा अर्ज कुठे करायचा तर तुम्ही आत्ता राहता तिथे, माहेरी आलेल्या असाल तर माहेरच्या गावात, तात्पुरतं राहणंही चालतं. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा. प्रत्यक्षात तसं होत नाही, महिने जातात, म्हणून मुख्य अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम अर्ज द्या, त्यावर तुमच्या शपथपत्रावरूनच कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. मुलाचा तात्पुरता ताबा कलम २१ मध्ये आहे, आणि ह्याच कलमात असंही आहे की बापाच्या भेटीने मुलाला धोका वाटला तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतात. पण हे मागायला लागतं. मी बघितलेल्या निम्म्या अर्जांत घर मागितलेलं असतं, पोटगी मागितलेली असते आणि ताब्याबद्दल एक ओळ नसते कारण "मूल माझ्याकडेच तर आहे". आज आहे हो. उद्या शाळेच्या गेटवरून तो घेऊन गेला तर तुमच्या हातात कागद काय?

घराबद्दल एकच सांगते, घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुझा हक्क नाही हे आता सरसकट खरं नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बदललं, तुम्ही संसार केलात ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहायचा हक्क मागता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड आहे किंवा दोन्ही, म्हणून आदेशाची प्रत पर्समध्ये, एक शाळेत, एक पोलीस ठाण्यात.

घटस्फोटात ह्याचं काय होतं

हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण आहे आणि ते नवरा-बायको दोघांनाही आहे. मुसलमान बायकांसाठी १९३९ चा कायदा आहे, ख्रिश्चनांसाठी १८६९ चा, रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली केलं असेल तर तो. गोव्यात हे वेगळं, तिथे पोर्तुगीज काळातला १९१० चा घटस्फोट कायदा चालतो, डीव्हीचा कायदा मात्र गोव्यालाही लागू आहे.

क्रूरता सिद्ध करायला खुनाच्या खटल्यासारखा पुरावा लागत नाही. १९७५ मध्ये, एका मराठी जोडप्याच्या खटल्यात, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल लिहिला की इथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघायचं, संशयाला जागाच नको असं नाही. आजही वकील तो निकाल देतात. पण त्याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे जी आपल्या बायकांना जास्त लागू पडते. तिथे क्रूरता सिद्ध झाली होती, तरी अर्ज फेटाळला, कारण त्यानंतर दोघं परत नवरा-बायकोसारखे राहिले, म्हणजे झालं गेलं माफ केलं असं धरलं. आपल्याकडे तर "नांदायला परत पाठवणं" हाच पहिला उपाय असतो. चार माणसं बसवतात, मामा येतात, तो पाया पडतो, बाई परत जाते. जायचं तर जा, लेकरासाठी बाई शंभरदा प्रयत्न करते, त्यात लाज कसली. फक्त त्या बैठकीत काय ठरलं ते लिहून दोघांच्या सह्या घ्या, "पुन्हा हात उचलणार नाही" हे त्याच्या सहीने असू द्या, आणि नंतर पुन्हा झालं तर त्याची नोंद ठेवा, कारण माफीनंतर पुन्हा क्रूरता झाली की जुनीही जिवंत होते.

पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, २०२० पासून ते सक्तीचं आहे, आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्यात तुमची एफडी लपवू नका. बाकी वकील सांगतील.

ताबा

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हा नियम कायद्यात आहे, पण "साधारणपणे" हा शब्दही आहे. त्यावरच्या मुलांचं कोर्ट सगळं बघतं: आत्तापर्यंत कोणी सांभाळलं, शाळा कुठे, घरात कोण आहे, आणि मूल समजतं असेल तर त्याला स्वतःला काय वाटतं. जज मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकटं बोलतात, फॅमिली कोर्टातले विवाह समुपदेशकही बोलतात आणि त्यांचा अहवाल जातो. मुलाला पढवू नका. माझ्या भाच्याला आत बोलावलं तेव्हा तो सात वर्षांचा होता, बहिणीने सकाळी फक्त एवढंच सांगितलं की ते काका किंवा काकू विचारतील ते खरं खरं सांग, आणि नाही आठवलं तर नाही आठवत म्हण. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं की त्याला आवडता खेळ विचारला, झोपताना कोण जवळ असतं ते विचारलं आणि बाबांची भीती कधी वाटते ते विचारलं. तो म्हणाला, "मी सांगितलं की बेल वाजली की." पुढे कधी अहवाल वाचायला मिळाला तेव्हा त्यात ती ओळ होती. बहिणीने सहा पानं मारहाणीची लिहिली होती, त्या सहा पानांनी झालं नाही ते त्या एका ओळीने झालं.

हिंसेचा आरोप ताब्यात धरतात का? धरतात. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असा खटला होता ज्यात बापावर बायकोच्या हुंडाबळीचा गुन्हा सुरू होता, शिक्षा झालेली नव्हती, तरीही कोर्ट म्हणालं की मुलाचा ताबा ठरवताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही, आणि मूल आजोळी राहिलं. म्हणजे शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. पण नुसती "केस पेंडिंग आहे" ही ओळही पुरेशी नाही, मुलावर काय परिणाम झाला ते दाखवावं लागतं. शाळेतल्या बाईंचं पत्र, हजेरी, बालरोगतज्ज्ञांचे किंवा समुपदेशकांचे कागद, शेजारच्या काकूंचा जबाब की भांडण झालं की पोर आमच्याकडे येऊन बसायचं.

दुसरीकडे, भेट बंद करा असं सरसकट मागू नका, जर तो मुलाशी कधी वाईट वागला नसेल तर. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय की मुलाला दोघांचीही माया मिळायला हवी, प्रत्यक्ष शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर तरी. भीती खरी असेल तर देखरेखीखाली भेट मागा, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, ठरलेल्या वेळेत, त्रयस्थ कोणीतरी हजर असताना. दारू पिऊन येत असेल तर तशी अट मागा. रात्रीचा मुक्काम नको, शहराबाहेर नेणं नको, पासपोर्ट कोर्टात जमा, असं नेमकं मागितलं की मिळायची शक्यता खूप वाढते. आणि पोटगी आली नाही म्हणून मूल दाखवायचं नाही, हे करू नका. दोन्ही वेगळे आदेश आहेत, त्याने एक मोडला तर वसुलीचा अर्ज करा, तुम्ही दुसरा मोडू नका.

चारित्र्यावरून घाबरवतात बायकांना, तू असली आहेस, तुला मूल मिळणार नाही. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की चांगली बायको नसणं म्हणजे चांगली आई नसणं असं नाही.

खोटा किंवा फुगवलेला आरोप

हे लिहिताना मला माहितीये की काही जणींना राग येईल, पण लिहिणार. आमच्याकडे आलेल्या एका बाईला नवऱ्याने खरंच मारलं होतं, वर्षात चार-पाच वेळा, एकदा दात पडला होता. अर्जात लिहिलं गेलं "दररोज अमानुष मारहाण". क्रॉसला समोरच्यांनी कोकणातल्या गौरी-गणपतीचे फोटो काढले, ती हसतेय, नवऱ्यासोबत आरतीचं ताट धरलंय. "दररोज ना? मग ह्या दिवशी कधी मारलं, आरतीच्या आधी का नंतर?" तिला बोलताच येईना. त्या एका "दररोज" मुळे पडलेला दातही खोटा वाटायला लागला. चार वेळा मारलं असेल तर चार वेळा लिहा. चार वेळाही पुष्कळ आहे, एकदाही पुष्कळ आहे.

सासरच्या सगळ्यांची नावं घालणं हेही तसंच, परगावच्या नणंदेचं, दिराच्या बायकोचं. ज्याने जे केलं त्याचंच नाव. मुद्दाम खोटी फौजदारी तक्रार करणं ही स्वतःच क्रूरता आहे असं सुप्रीम कोर्टाने वारंवार म्हटलंय, आणि त्यावर नवऱ्याला घटस्फोट मिळतो. त्याचवेळी २०१७ च्या निकालात हेही आहे की तक्रार केली एवढ्यावरून, किंवा नवरा निर्दोष सुटला एवढ्यावरून, ती खोटी ठरत नाही, खोटी होती हे दाखवावं लागतं. म्हणून खऱ्या तक्रारीला घाबरायचं कारण नाही. नवऱ्यांनीही लक्षात घ्या, उत्तरात बायकोच्या चारित्र्यावर पुराव्याशिवाय चिखल उडवला तर तीही क्रूरता धरतात, २००३ पासून तसा निकाल आहे.

बापाने मुलीशी घाणेरडं काही केल्याचा आरोप हा सगळ्यात नाजूक. खरं असेल तर एक दिवसही थांबू नका, पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, मुलीला परत परत विचारून तिचे शब्द बदलू देऊ नका, पहिल्यांदा जे बोलली ते तसंच लिहून ठेवा आणि पुढचं प्रशिक्षित माणसांवर सोडा. पण ताबा मिळावा म्हणून कोणी हे सुचवत असेल, वकील असो की नातेवाईक, तिथून उठा. त्या मुलीची तपासणी होते, जबाब होतो, आयुष्यभर ते तिच्यासोबत राहतं, आणि खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षाही आहे.

ज्याच्यावर खोटा आरोप झालाय अशा बापाने काय करायचं, तर शाळेच्या गेटवर तमाशा करायचा नाही, सासुरवाडीला जाऊन दार वाजवायचं नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरळ अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय, त्यामुळे पळून न जाता नोटिशीला हजर राहा. मुलाच्या भेटीचा अंतरिम अर्ज लगेच करा, कारण उशीर झाला की "ह्याला मुलाची पडलेली नव्हती" असं दिसतं. आमच्याच ओळखीतला एक जण कोर्टाच्या खोलीत दर पंधरा दिवसांनी तासभर मुलीला भेटायला यायचा, अकरा महिने, एकदाही चुकला नाही, फी न सांगता भरत राहिला, मुलीसमोर तिच्या आईबद्दल अवाक्षर काढलं नाही. समुपदेशकांच्या नोंदीत हे सगळं येत जातं. अकरा महिन्यांनी त्याला शनिवार-रविवार आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी मिळाली. आणि हो, पुरुषासाठी डीव्हीचा कायदा नाही, पण बायको मारत असेल तर क्रूरतेवर घटस्फोट आणि नेहमीची पोलीस तक्रार दोन्ही आहेत, लाजून बसू नका.

तडजोड आणि परदेश

शेवटी बऱ्याच केसेस संमतीच्या घटस्फोटाने संपतात. तिथे एक सौदा हमखास येतो: तू केस मागे घे, मी मूल मागत नाही. किंवा उलट, पोटगी सोड तर मूल ठेव. सही करायच्या आधी बघा की ताबा, भेटीचे दिवस, दिवाळी कोणाकडे, मे महिना कोणाकडे, फी कोण भरणार, पासपोर्टवर सही कोण करणार हे सगळं त्या कागदात आहे का. "समजुतीने ठरवू" असं लिहू नका, जिथे मारहाण झालीय तिथे समजूत नसते. मुलाचा खर्च सोडून देऊ नका, तो तुमचा नाही, मुलाचा आहे. ताब्याचा आदेश कायमचा दगडावरचा नसतो, परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करता येतो.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असलेल्या मुली मुलाला घेऊन पुण्या-मुंबईला निघून येतात. मुलांच्या परतीबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने केलेला नाही हे खरं, पण म्हणून इथे आलं की सुटलो असं नाही. तिथल्या कोर्टाचा आदेश असेल तर नवरा इथे हायकोर्टात येतो, आणि मुलाचं हित बघून परत पाठवल्याचेही निकाल आहेत. निघायच्या आधी तिथेच पोलीस रिपोर्ट करा, डॉक्टरचे कागद घ्या, तिथल्या वकिलाला विचारा. इथे आल्यावर तिकडची मारहाण सिद्ध करणं फार अवघड जातं.

भेटीसाठी मूल सोपवताना आणि परत घेताना वेळ लिहा, जागा लिहा. पोलीस ठाण्यासमोर किंवा कोर्टाने सांगितलेल्या जागीच द्या, घराच्या दारात नको. सोबत कोणीतरी शांत माणूस न्या, भांडकुदळ मामा नको. मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली, औषध असेल तर त्याची चिठ्ठी, एक बदलीचा शर्ट ठेवा. परत आल्यावर "काय म्हणाले बाबा?" हे विचारू नका, "भूक लागलीय का?" एवढंच विचारा. सांगायचं असेल तर ते जेवता जेवता आपणहून सांगतं, आणि तेव्हा हातातलं काम सोडून ऐका, मग रात्री ते झोपल्यावर त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा.